अंगठ्याचा रविवार, सुईचा सोमवार

तांडापेठेत भैय्याजी निनावेंच्या घरासमोर एक लांबरुंद ओटा आहे. दर रविवारी सकाळी आठ ते साडेदहा त्यावर कोणी ना कोणी पालथं पडलेलं असतं. गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, काहीतरी विपरीत घडलं. तसं काही नसतं. भैय्याजी लोकांच्या पाठी मोकळ्या करत असतात.

"पाठ दाबून देतात" असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. दाबून काय, कोणीही देतं. भैय्याजी शोधतात. पुरुष माणूस शर्ट काढून पालथा पडतो, बाया स्टुलावर पाठमोऱ्या बसून पदरावरून फक्त मान-खांदा देतात, आणि मग भैय्याजींचा उजवा अंगठा निघतो. मानेपासून खाली, काही न बोलता, घरचाच रस्ता असल्यासारखा. एका जागी तो थांबतो. तिथं कातडीखाली चिंचोक्याएवढा कडक गोळा असतो. त्यावर भैय्याजी आपलं सगळं वजन टाकतात. पेशंट ओट्याची कड धरतो. कड धरून धरून तिथलं सिमेंट गुळगुळीत झालेलं आहे.

"झालं मोकळं?" असं भैय्याजी शेवटी विचारतात.

"एकदम, भैय्याजी."

बावीस वर्षांत दुसरं उत्तर आलेलं नाही. हे सगळं फुकट. वर प्रेमलताबाईंचा चहा. "बावीस वर्षांत एक कंप्लेंट नाही," भैय्याजी सांगतात, "आहे असा एक तरी डॉक्टर नागपुरात?" फुकटच्या कामाची कंप्लेंट करायला माणूस फार निगरगट्ट लागतो आणि तांडापेठेतली माणसं तशी नाहीत, ही बाजू त्यांच्या कधी ध्यानात आली नाही.

अंगठा घडला तो एस.टी.च्या वर्कशॉपात. टायर सेक्शनला एकतीस वर्षं. हवा किती आहे हे ते अंगठ्यानं दाबून सांगत आणि मग लोक खात्रीसाठी गेज लावत. दोन्हींत फरक पडला तर भैय्याजी गेज बदलायला सांगत. त्यांच्या वडिलांचं आयुष्य उमरेडला हातमागावर गेलं, सुताच्या गाठी सोडवण्यात. मुलगा टायरवरून फिरून शेवटी गाठींवरच आला.

आणि या दसऱ्यानंतर, नागपुरातल्या प्रत्येक घरी होतं ते काम करताना, म्हणजे कूलर माळ्यावर चढवताना, भैय्याजींच्या स्वतःच्या पाठीत गाठ आली.

कुठं, तर डावं खवाटं आणि पाठीचा कणा यांच्या मधे. पहिल्या दिवशी त्यांनी तिची दखल घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मान डावीकडे वळेना. चौथ्या दिवशी कळ दंडापर्यंत उतरली. तेव्हा त्यांनी अंगठा कामाला लावला. वरून खांद्यावरून नेला, तो चार बोटं अलीकडे थांबला. खालून कमरेवरून नेला, तर तीन बोटं. तांडापेठेतल्या यच्चयावत पाठी ज्या अंगठ्याखालून गेल्या, त्याला मालकाची पाठ तेवढी परगावची निघाली.

मग त्यांनी दाराच्या चौकटीला पाठ घासून पाहिली. भिंत आणि पाठ यांच्यामधे रबरी चेंडू धरून पाहिला. चेंडू निसटून दिवाणाखाली गेला आणि तो काढायला वाकता येईना म्हणून आजही तिथंच आहे. शेवटी प्रेमलताबाई लाटणं घेऊन आल्या.

"इथं?"

"वर."

"इथं?"

"अवं, आता भलतीकडं गेली. शोधून लाव ना, अंदाजे काय टोचून राहिली!"

"मंग तुमीच टोचा," म्हणून प्रेमलताबाई लाटणं घेऊन पोळ्यांकडे गेल्या. "नाही तं कोणाले तरी सांगा. येवढे लोक येतात रविवारी."

"कोणाले सांगू? कोणाले येते?"

हे खरं होतं. बावीस वर्षांत त्यांनी ही विद्या कोणाला दिली नव्हती. कोणी मागितलीही नव्हती.

डॉक्टर होते. पण तिथं एक अडचण होती. मागल्या वर्षी एका रविवारी शेजारचे ओमप्रकाश पराते पालथे पडल्यापडल्या म्हणाले होते, "भैय्याजी, आजकाल म्हणे अशा गाठीत इंजेक्शन देतात. गाठ सुटते म्हणतात त्यानं." त्यावर भैय्याजी म्हणाले होते, "अबे, टायरमधे हवा कमी आहे म्हणून कोणी खिळा ठोकते का?" सगळा ओटा हसला. सगळ्यात मोठ्यानं ओमप्रकाश.

आता सुई टोचून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती कोणाला कळायला. भैय्याजींच्या पाठीत गाठ झाली, ती त्यांना काढता आली नाही आणि सुईनं निघाली, हे तांडापेठेत एकदा पसरलं की रविवार संपला. आणि पेन्शनर माणसाचे बाकीचे सहा वार सारखेच असतात. सोमवार आहे की गुरुवार हे त्याला पेपर वाचून कळतं. त्याचा स्वतःचा असा वार एकच असतो.

अशात सावनेरहून भाच्याचा, दुर्गेशचा फोन आला. तो कोळशाच्या खाणीत आहे. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर तो आपण होऊन म्हणाला, "मामाजी, माझी पाठ धरली होती न, तं धंतोलीत एक डॉक्टरीणबाई आहे, रितिका मेश्राम. गाठीतच सुई मारते. मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर."

"मले काहून सांगून राहिला?"

"असंच, मामाजी. माहिती."

भैय्याजींनी नंबर पेपरच्या कडेवर लिहिला आणि कड फाडून खिशात ठेवली. धंतोली बरी. तिथं दर दुसऱ्या फाटकावर डॉक्टरची पाटी आहे, आणि तांडापेठेतलं माणूस भरती व्हायची वेळ आल्याशिवाय तिकडे फिरकत नाही.

सोमवारी सकाळी ते निघाले. नोव्हेंबर होता, म्हणून घरी सांगितलं, "बँकेत हयातीचा दाखला देऊन येतो."

"जा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "हे धुतलेलं बनियन घालून जा."

हयातीच्या दाखल्याला धुतलेलं बनियन कशाला लागतं, हा प्रश्न भैय्याजींना पडायला हवा होता. पाठ दुखत असली की माणसाला प्रश्न कमी पडतात.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी बसली होती. छातीवरच्या पाटीवर नाव होतं खुशी.

"नाव सांगा, काका."

भैय्याजींनी रस्ताभर सगळ्याची तयारी केली होती. कोण भेटलं तर काय सांगायचं, रिक्षा कुठं सोडायची. नाव विचारतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायची सोय नव्हती, आणि खोटं नाव ऐनवेळी कुठून आणणार? जिभेवर जे पहिलं आलं ते त्यांनी सांगून टाकलं.

"ओमप्रकाश पराते."

"राहणार?"

"तांडापेठ."

खुशीची बोटं थांबली. तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग भैय्याजींकडे, मग परत कॉम्प्युटरकडे.

"काका, ओमप्रकाश पराते, तांडापेठ, आत्ता आत आहेत. तुम्ही दुसरे का?"

खोटं एकदा बोललं की त्याला जागावं लागतं. भैय्याजी म्हणाले, "हो. दुसरा."

"एकाच मोहल्ल्यात दोन?"

"मोहल्ला मोठा आहे."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि पहिले ओमप्रकाश पराते बाहेर आले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर नुकतंच बरं वाटू लागलेल्या माणसाचं मंद हसू. भैय्याजी दिसताच ते हसू जागच्या जागी वाळलं.

"भैय्याजी! तुमी इथं?"

"तू काहून इथं?"

"मी… बीपी दाखवाले आलो होतो."

"शर्ट काढून?"

"पाठीतून घेते ही डॉक्टर. नवीन पद्धत आहे म्हणे."

"काका," खुशी मधेच म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता?"

भैय्याजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांची नजर आता कोपऱ्यातल्या बाकावर होती. तिथं एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. नागपुरी पद्धतीनं डोकं, नाक, तोंड सगळं स्कार्फमधे गुंडाळलेलं, वरून काळा चष्मा. तिला जन्मदात्या आईनंही ओळखलं नसतं. पण भैय्याजी माणसं चेहऱ्यानं ओळखतच नाहीत. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर, मानेच्या बुडाशी रविवारच्या ओळखीचा एक उंचवटा. वीस वर्षं अंगणवाडीच्या पिशव्या एकाच खांद्यावर नेल्यानं झालेला.

"शोभे," ते म्हणाले, "स्कार्फ काढ."

"मी शोभा नाही," स्कार्फ म्हणाला.

"ओम्या, ही शोभा नाही म्हणे."

"नसन बाप्पा," ओमप्रकाश छताकडे पाहत म्हणाले. "मी तं हिले पहिल्यांदाच पाहून राहिलो."

खुशीनं सगळ्यांची पंचाईत सोडवली. "दुसरे ओमप्रकाश पराते," तिनं हाक मारली, "आत या."

"वामन निनावे लिही," भैय्याजी म्हणाले. आता लपवायचं होतं ते लपत नव्हतं. खरं नाव कागदोपत्री वामन. मोहल्ल्यात ते कोणाला ठाऊक नव्हतं. स्वतः भैय्याजींनाही ते वर्षातून एकदा, नोव्हेंबरातच आठवायचं.

डॉ. रितिका मेश्राम पस्तिशीच्या, चपळ आणि मोकळ्या होत्या. पाठ कशानं धरली, शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, सुन्न करायच्या औषधानं कधी त्रास झाला का, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी शर्ट काढायला सांगितला. भैय्याजी पालथे पडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते या बाजूनं होते. इकडून जग फार लहान दिसत होतं. फरशी आणि डॉक्टरीणबाईंच्या चपला.

"अरे," वरून आवाज आला, "तुमची पाठ तर कोरीच आहे."

"कोरी म्हणजे?"

"तांडापेठचे ना तुम्ही? म्हणजे सोमवारचे पेशंट. तिकडचे लोक सोमवारीच येतात, आणि सगळ्यांच्या पाठीवर एक निळा ठसा असतो. अंगठ्याएवढा. मी ठशावर सुई ठेवते, गाठ नेमकी तिथंच. पहिल्यांदा मला योगायोग वाटला. दोनदा सोनोग्राफी लावून पाहिली. सुताचा फरक नाही. आता तुमची मला शोधावी लागणार."

फरशीकडे पाहणाऱ्या भैय्याजींच्या छातीत काहीतरी फुगलं. टायरमधे भरावी तशी हवा.

"कोण करते तो ठसा?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"कोणी सांगत नाही हो. दारात पडलो म्हणतात. तेरा माणसं एकाच अंगठ्यावर कशी पडतील?" त्या बोटांनी चाचपत होत्या. "हात सोन्याचा आहे त्या माणसाचा. पण दाबतो कसा, तर ट्रकचं चाक बसवतोय जणू. दोघातिघांचा स्नायू असा ठेचला होता, की मला आठ दिवस थांबा म्हणून परत पाठवावं लागलं."

हवा निघायला लागली.

"पण दाबल्यावर फरक पडत असन ना त्याईले?" भैय्याजींनी विचारलं. हे विचारताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण पालथ्या माणसाचा आवाज कोणाचाच नेहमीसारखा नसतो.

"तासभर वाटतं बरं. मग जसंच्या तसं. इथं दुखतंय?"

"नाही. थोडी वर. वर म्हणजे दोन बोटं नाही, दीडच. आता कण्याकडं. थांबा. बरोबर खाली ती आहे, पण ती आडवी बसलेली आहे. बोट असं सरळ नका ठेवू, तिरपं ठेवा."

डॉक्टरीणबाईंचं बोट तिरपं झालं आणि भैय्याजी टेबलावरून वीतभर उडाले.

"सापडली," त्या म्हणाल्या. "काका, हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझीच पाठ आहे ना."

"स्वतःची पाठ कोणालाच अशी सांगता येत नाही. मोघम सांगतात लोक."

गार कापूस फिरला. खाली फुप्फुस आहे, तेव्हा अजिबात हलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. मग बारीक सुई आत गेली, आणि ती जिथं गेली तिथं स्नायू आपल्याआप असा फडफडला, जणू जाळ्यात मासा. बोंब मारण्याइतकं काही दुखलं नाही. भैय्याजींना त्याचंच वाईट वाटलं. सुई दोनचार वेळा थोडी मागेपुढे झाली, औषध गेलं, आणि तीन आठवडे पाठीत ठाण मांडून बसलेली वस्तू हळूहळू उठून चालायला लागली.

"डावीकडे वळवा मान."

वळली. तिकडे भिंतीवर स्नायूंचा तक्ता होता. लाल रंगाचा माणूस, कातडी नसलेला. भैय्याजींना तो माणूस आतून पाठ होता. बाहेरून आज पहिल्यांदा दिसला.

"दोन दिवस जरा ठणकेल. शेक घ्या. हे दोन व्यायाम रोज करा, नुसत्या सुईवर राहू नका. आणि पुढच्या वर्षी कूलर दुसऱ्या कोणाला चढवू द्या." त्या हात धूत होत्या. "आणि काका, तो अंगठेवाला भेटला कधी, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, शोध. दाबू नको."

"भेटला तं सांगतो," भैय्याजी म्हणाले.

खाली फाटकाशी ओमप्रकाश आणि शोभाताई उभे होते. शोभाताई आता तोंड उघडं ठेवून. शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे दोघं रिक्षा थांबवूनच उभे होते. भैय्याजी मधे बसले. कॉटन मार्केटच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"किती जण येता?" भैय्याजींनी विचारलं.

"जास्त नाही," ओमप्रकाश म्हणाले. "पाच-सहा."

"तेरा," शोभाताई म्हणाल्या. "भीमाबाई सोडून ओट्यावरचे सगळे. त्या रिक्षात चढत नाहीत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाले असन."

"म्हणजे मी खिळ्याचं बोललो तेव्हा तू…"

"चार सुया झाल्या होत्या तेव्हा," ओमप्रकाश कबूल झाले.

"आणि मंग रविवारी कायले येऊन राहिले गा ओट्यावर?"

सिग्नल सुटला. रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं.

"नाही आलो असतो तं तुमाले वाईट वाटलं असतं," ओमप्रकाश म्हणाले.

"आणि एक आहे, भैय्याजी," शोभाताईंना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "तुमचा अंगठा खाल्ल्यावर सुईचं काहीच वाटत नाही. दुसऱ्या मोहल्ल्याचे पेशंट कसे चिरकतात तिथं! आमी आपले चूप."

"तारीफ करून राहिली का तू माझी?"

"हो ना," शोभाताई म्हणाल्या, मग जरा विचार करून, "वाटते तरी."

"आणि ही डॉक्टर तुमाले सांगितली कोणं? दुर्गेशनं?"

दोघंही एकदम आपापल्या बाजूला बाहेर पाहायला लागले. गोळीबार चौक आला तरी पाहतच होते.

"ओम्या."

"वहिनीनं," ओमप्रकाश बाहेरच पाहत म्हणाले.

प्रेमलताबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. "झाला दाखला?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"तुले माहीत होतं सगळं."

"बनियन कोणं काढून देल्लं?"

"दुर्गेशले फोन कराले तूच सांगितलं."

"मंग काय करू? दाराले घासून घासून ऑइल पेंट गेला चौकटीचा." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "दोन वर्षांमागं शोभीची मान चार दिवस वाकडी होती. मले पाहावलं नाही. मी दुर्गेशजवळून नंबर घेतला आणि तिले देल्ला. तिनं सगळ्याईले देल्ला."

"मले सांगाचं होतं."

"सांगितलं असतं तं दुसऱ्या दिवशी ओटा बंद. मले काय तुमी माहीत नाही? तुमचा रविवार बी राह्यला पाह्यजे आणि लोकाईच्या पाठी बी राह्यल्या पाह्यजे. दोन वर्षांपासून दोन्ही सांभाळून राहिली. चहा वेगळा."

भैय्याजी आत गेले. मान आता दोन्हीकडे वळत होती, पण वळवून पाहावं असं काही दिसत नव्हतं. बावीस वर्षं आपण मोहल्ल्याला सांभाळतो आहोत असा त्यांचा समज होता. त्यातली शेवटची दोन मोहल्ला त्यांना सांभाळत होता. आळीपाळीनं, रविवारी आठ ते साडेदहा, पालथं पडून.

मंगळवारी त्यांना राग होता. बुधवारी, सुताचा फरक नाही हे आठवून, थोडं बरं होतं. गुरुवारी तेरा आकडा आठवला आणि जेवण गेलं नाही. शुक्रवारी त्यांनी ठरवलं, या रविवारी दार उघडायचंच नाही. शनिवारी व्यायाम केले.

रविवारी साडेसातलाच ओटा भरला होता. एरवी आठ जण असतात, आज तेराच्या तेरा. एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता बसलेले, मयतीला बसतात तसे. काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याला काही ठाऊक नाही असं दाखवण्यात प्रत्येक जण गढून गेला होता. भैय्याजींनी दाराच्या फटीतून पाहिलं. मग कडी काढली.

ओमप्रकाश आपण होऊन शर्ट काढून पालथे पडले. कोणीतरी पडणं भाग होतं. भैय्याजींचा अंगठा मानेपासून निघाला आणि खांद्याखाली येऊन थांबला. सवयीनं वजन पुढे आलं. ते त्यांनी आवरलं.

"दुखते का?"

"नाही भैय्याजी, एकदम मोक…"

"ओम्या. खरं सांग."

ओमप्रकाशांनी कड धरली. कोणाचा तरी चहा ओठाशी थांबला.

"दुखते," ओमप्रकाश ओट्याच्या सिमेंटला म्हणाले. "तुमी दाबलं की लय दुखते, भैय्याजी. बावीस वर्षं झाले, दुखूनच राहिलं."

मग शोभाताई म्हणाल्या, "मले तं मंगळवारपर्यंत वेणी घालता येत नाही."

"मी डाव्या कुशीवर झोपतो रविवारी," दुसऱ्या टोकाला कोणी म्हणालं.

"माझी बायको इचारते, कोणासंगं भांडून आले."

एकदा बांध फुटल्यावर काय. बावीस वर्षांची कंप्लेंट अकरा मिनिटांत आली. भैय्याजींनी ती उभ्यानं ऐकून घेतली.

"मंग बोलले काहून नाही कोणी?"

"तुमी इचारायचे, 'झालं मोकळं?'" शोभाताई म्हणाल्या. "दुखते का, असं कधी इचारलं?"

हे बरोबर होतं. भैय्याजींनी हातातली जवसाच्या तेलाची वाटी खाली ठेवली. "आजपासून दाबणं बंद," ते म्हणाले. "कुठं आहे ते शोधून देईन. मंग उद्या जा धंतोलीले. चोरून जायचं नाही. त्या बाईले नाव माझं सांगा. दारात पडलो म्हणाचं नाही."

तेरा जणांचा सुस्कारा एकदम निघाला. तो एवढा मोठा होता की आतून प्रेमलताबाई पाहायला आल्या. मग काम सुरू झालं. अंगठा जागा दाखवी, माणूस शर्ट घाली, पुढचा येई. पावणेनऊला सगळं आटोपलं.

साडेदहाला अजून पावणेदोन तास होते. कोणी उठत नव्हतं, पण द्यायला पाठही कोणाकडे उरली नव्हती. भैय्याजी तेलाच्या वाटीकडे पाहत बसले. बाकीचे त्यांच्याकडे पाहत बसले. हा वार आता बाकीच्या सहांसारखाच होणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या भीमाबाई काठी टेकत आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. ओट्यावरच्या गर्दीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या, पदर खांद्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "हं. दाब."

"भीमाबाई, दाबणं बंद झालं."

"कोणं केलं?"

"मीच."

"काहून?"

"त्यानं काही होत नाही. डॉक्टर म्हणते, तासभर बरं वाटते. मंग जसंच्या तसं."

"तासभर," भीमाबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "मंग तुले अजून काय पाह्यजे? या वयात मले तासभर पुरते."

"अवो, पण दुखते त्यानं. विचारा या सगळ्याईले."

"याईले घरी हात लावणारे आहेत. माझ्या अंगाले आठवडाभर आंघोळीच्या पाण्याबिगर काही लागत नाही. दाब गा, बोलत काय बसला."

भैय्याजी उठले. अंगठा मानेच्या बुडाशी ठेवला. गोळा तिथंच होता, जुना, ओळखीचा. त्यांनी अंगठा तसाच ठेवला आणि बाकीचा हात खांद्यावर पसरला. वजन न टाकता.

"जेवला नाही का सकाळपासून?" भीमाबाई म्हणाल्या. "जोर कुठं गेला तुझा?"

"हळू करून राहिलो."

"हळू तं मांजर बी करते."

भैय्याजींनी जरासं दाबलं. "दुखते?"

"दुखते."

"सोडू?"

"सोडशील तं पाह्य," भीमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.